आमची बंदूक पोलिसांनी काढून घेतली

आमच्या वाघोलीत निवडणूक लागली हे टीव्हीवरून कळत नाही, आमच्या आप्पांवरून, म्हणजे वडिलांवरून, कळतं. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असा हुकूम निघतो, आणि आमच्या वाडीत आजोबांच्या वेळेपासून एक एकनळी बंदूक आहे. परवान्यावर 'शेतीसंरक्षणासाठी' असं लिहिलंय. हुकूम आला की आप्पा काळा कोट चढवायचे, डोक्यावर टोपी, खांद्याला बंदूक, आणि पायी ठाण्याकडे निघायचे. ठाण्याला सरळ रस्ता आहे, पण त्या रस्त्यावर घरं कमी. म्हणून आप्पा देवळावरून, चर्चवरून, बाजारातून वळसा घालून जायचे. लोक ओट्यावर येऊन विचारायचे, "काय आप्पा, लागली का?" आप्पा मान हलवायचे. मग उमेदवारांनी काय ती पत्रकं छापावीत.

तर ही बंदूक. तिने शेतीचं संरक्षण किती केलं हा घरात वादाचा विषय आहे. आप्पा म्हणतात की ती एकदा उडाली आणि तेव्हापासून रानडुक्कर वाडीत फिरकलं नाही. आई म्हणायची की एकदा उडाली आणि पाण्याचा हंडा फुटला, डुकराने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एरवी तिने पडलेल्या केळीच्या घडाला टेकू दिला, पापडांवरचे कावळे हाकलले, आणि माझ्या बहिणीला बघायला आलेल्या एका स्थळाला जरा घाईने उठवलं. पण दसऱ्याला तिचा मान पहिला. हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढा. आणि आप्पांचे दोन नियम. एक, बंदूक जमिनीला टेकवायची नाही. भिंतीवर, मांडीवर, खांद्यावर, कुठेही, पण जमिनीवर नाही. दोन, पूजेनंतर दिवाळी होईपर्यंत तिची नळी कुणी उघडायची नाही. का, ते विचारायचं नाही. आमच्या घरात 'का' हा शब्द आप्पांच्या नावावर आहे.

परवाना मात्र गेल्या वर्षी माझ्या नावावर झाला. त्यासाठी मी किती खिडक्यांवर उभा राहिलो ते सांगत नाही, विषयांतर होईल. एका साहेबांनी तर मला "यापूर्वी कधी कुणाशी भांडण?" असं विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "ते दिसतंच आहे" म्हणाले. मी विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. चारचौघांत आप्पा माझी ओळख "हे आमचं ध्यान" अशी करून देतात. साठी उलटली तरी ध्यानच. त्यामुळे यंदा विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आप्पांचे गुडघे नेमके संपावर गेले, तेव्हा आप्पा सकाळभर माझ्याकडे बघत बसले होते.

"तू नेशील?" ते म्हणाले.

"परवाना माझाच आहे, आप्पा."

"परवाना सरकारने दिला. सरकार तुला ओळखत नाही." मग म्हणाले, "ठाणेदाराच्या हातात द्यायची. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये. जमिनीला टेकवायची नाही, नळी उघडायची नाही. यातलं एक जरी चुकलं ना, दिनानाथ, तर निवडणूक झाल्यावर ती घरी आणूच नकोस. कायमची सरकारजमा करून टाक. ज्याला सांभाळता येत नाही त्याच्या घरी ती नको."

हे ते रागाने बोलले असते तर मला काही वाटलं नसतं. पण ते शांतपणे बोलले.

आता सल्ल्यांचं सांगतो. बंदूक ही अशी वस्तू आहे की ती ज्याने कधी पाहिलेली नाही त्यालाही तिची वाहतूक कशी करावी हे पक्कं ठाऊक असतं. समोरच्या पिंकीवहिनी म्हणाल्या, चादरीत गुंडाळा, प्रेतासारखी दिसली की कुणी अडवत नाही. आमच्या सौभाग्यवती आशालता म्हणाल्या, "रिक्षाने जा, आणि येताना कोथिंबीर आणा." शेवटी आमचा शेजारी फ्रेडरिक आला. आमच्या आणि त्याच्या वाडीत एक कुंपण आहे, आणि ते दोघांनीही कधी मनावर घेतलेलं नाही. फ्रेडरिक म्हणाला, "दिनू, जमाना बदलला. आप्पांसारखा खांद्यावर टाकून निघालास तर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करेल आणि संध्याकाळी वसईत अतिरेकी म्हणून फिरशील. आमच्या पोराच्या, रॉकीच्या, बेस गिटारची पिशवी देतो. लांब आहे, आरामात बसेल. चेन लावली की विषय संपला."

मला पटलं. इथेच माझी बुद्धी किती भाबडी आहे ते कळतं. आप्पांचा काळा कोट मी चढवला, तो पाठीत घट्ट झाला. दसऱ्याची झेंडूची माळ बंदुकीला तशीच होती, ती काढायचं धाडस झालं नाही. माळेसकट बंदूक पिशवीत गेली. स्कूटर मी चालवायची, मागे फ्रेडरिकने पिशवी मांडीवर आडवी धरायची, असं ठरलं. आणि निघताना मी स्कूटर सरळ रस्त्याला न घालता देवळाकडे वळवली.

"ठाणं इकडे कुठे?" फ्रेडरिक ओरडला.

"आप्पा असेच जायचे."

"अरे, पण त्यांची बंदूक दिसायची! तुझी गिटार दिसतेय!"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला तोवर देऊळ मागे पडलं होतं. चर्चपाशी दोघांनी विचारलं, "काय दिनानाथ, आता म्हातारपणी बँडमध्ये?" बाजारात सुकटवाल्या बाईने कोटाकडे बघून लग्न कुणाचं आहे ते विचारलं. मी घुश्शातच हमरस्त्यावर आलो आणि तिथे नाकाबंदी लागलेली होती.

निवडणुकीची नाकाबंदी म्हणजे पोलीस, लोखंडी बॅरिकेड, मांडव, पाण्याचा जार आणि एक व्हिडिओवाला. नियमच आहे, प्रत्येक तपासणीचं चित्रीकरण करायचं. व्हिडिओवाला प्रीतम हा एरवी लग्नांची शूटिंगं करतो हे मला नंतर कळलं. कळायला नको होतं. पथकाचे प्रमुख म्हणून निवडणूक कार्यालयाने सॅन्टन सरांना बसवलं होतं. हे शाळेत चित्रकला शिकवतात. सोबत एक पोटाने प्रशस्त हवालदार, आणि फौजदार प्रेमलता गावित. वय तिशीचं, आवाज शांत.

"गाडी बाजूला घ्या, काका. पिशवीत काय आहे?"

'काका' हा शब्द मला लागला, कारण केस मी परवाच काळे केले होते. मी तोंड उघडणार तोच मागून फ्रेडरिक म्हणाला, "गिटार, मॅडम! बेस!"

माणसाने मित्रासाठी खोटं बोलावं, पण निदान विचारून बोलावं. मी स्कूटर स्टँडवर लावली, पिशवी त्याच्या हातातून घेतली, चेन उघडली आणि बंदूक बाहेर काढत छाती भरून म्हणालो, "गिटार नाही, मॅडम. आमची बंदूक आहे."

हे वाक्य घरी म्हणायला ठीक आहे. नाकाबंदीवर त्याचा परिणाम वेगळा होतो. हवालदाराच्या हातातला चहा सांडला. सॅन्टन सर पाण्याच्या जारमागे गेले, ते पुढचा बराच वेळ तिथेच राहिले. फ्रेडरिकने कुणी न सांगता दोन्ही हात वर केले. आणि गावितबाईंचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. खरं सांगू? भीती वाटली, वाटणारच, पण त्या भीतीच्या खालून कुठूनतरी अभिमानही वर आला. साठ वर्षांत माझ्यामुळे कुणी अर्धं पाऊलही मागे सरकलं नव्हतं. घरात तर मीच सरकतो.

"काका, हत्यार जमिनीवर ठेवा आणि मागे व्हा," त्या म्हणाल्या.

"परवाना आहे, मॅडम. ठाण्यात जमा करायला निघालोय."

"ते बघू आपण. आधी हत्यार खाली."

"खाली नाही ठेवता येणार."

हवालदाराने काठी उचलली. "ए, मॅडम काय सांगतायत? खाली ठेव!"

मी आयुष्यात साहेबाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, बसच्या कंडक्टरला, कुणाला म्हणून नाही म्हटलेलं नाही. पण डोळ्यांपुढे आप्पा आले, आणि बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून मी ओरडलो, "ठेवणार नाही! घरातली पूजेतली आहे ती. जमिनीला टेकली तर मला घरात तोंड दाखवायला जागा नाही. मॅडम, तुम्ही हातात घ्या, पण खाली ठेवा म्हणू नका!"

"काका, चेहऱ्यावर सावली येतेय, जरा डावीकडे," प्रीतम म्हणाला.

"गप रे," गावितबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झेंडूच्या माळेकडे बघितलं. काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे. "बरं. बोटं घोड्यापासून लांब. नळी त्या मोकळ्या शेताकडे. हां. आता सावकाश दस्ता माझ्या हातात द्या."

मी दिली. त्यांनी पुढे येऊन ती दोन्ही हातांनी घेतली. माझे हात एकदम हलके झाले, आणि मला रडू आलं. ठाणेदाराच्या हातात द्यायची होती, रस्त्यात दिली. पहिली अट तिथेच मोडली.

"भरलेली आहे?"

"छे! रिकामी आहे. काडतूस माझ्या लग्नानंतर आमच्या घरात आलेलं नाही."

"तरी बघावं लागेल." आणि मी "नळी उघडू नका" म्हणेपर्यंत त्यांनी खटका दाबून बंदूक मधोमध उघडली आणि नळी तिरपी केली. नळीच्या मागच्या तोंडातून एक चिंधी बाहेर आली, आणि चिंधीच्या मागून भुरकन करड्या रंगाची भुकटी डांबरावर ओतली गेली. भुकटीतून टपटप काहीतरी गोळ्यांसारखं पडायला लागलं.

"मॅडम, पावडर!" हवालदार ओरडला. "गोळ्यापण आहेत!"

कॅमेऱ्यासमोर 'रिकामी आहे' म्हणालेलो मी त्या भुकटीकडे बघत राहिलो. फ्रेडरिकने वर केलेले हात आणखी वर नेले. जारमागून सॅन्टन सरांनी मार्गदर्शक पुस्तिका उघडली. रोकड, दारू, साड्या, प्रेशर कुकर, सगळं तिच्यात होतं; बंदुकीतून भुकटी निघाल्यास काय करावं हे नव्हतं. "मतदारांना वाटण्याची वस्तू या सदरात घालू का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"काका, हे काय आहे?" गावितबाईंचा आवाज आता मघासारखा मऊ राहिला नव्हता.

"आईशपथ मला माहीत नाही."

"बंदूक तुमची, परवाना तुमचा, आणि नळीत काय आहे ते माहीत नाही? आणि ठाण्यात निघाला होतात तर इकडे कुठे? ठाणं तर मागे राहिलं."

"ते... लोकांना दिसावं म्हणून जरा वळसा घातला."

"पिशवीत घालून?"

फ्रेडरिकने वर केलेल्या हातांपैकी एक खाली आणून आमच्या घरी फोन लावायची परवानगी मागितली. आशालतेचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. "पकडलं? ह्यांना? कशाबद्दल?" त्यात काळजीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. पुढे ती म्हणाली, "थांबा, आप्पा ऐकतायत. अहो आप्पा, कुठे निघालात? गुडघा!"

गुडघे संपावर गेलेले आप्पा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती, पण ती टेकायची त्यांना आठवण नव्हती. मागून आशालता त्यांची टोपी घेऊन धावत होती. मी मान खाली घातली. आता बंदूक कुणी उघडली, कुणी घेतली, हे सगळं विचारणार आणि चारचौघांत ध्यान म्हणणार, अशी मनाची तयारी केली. पण आप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डांबराकडे बघत होते.

"पाय उचला!" ते हवालदारावर ओरडले. "बियाण्यावर उभा राहिलायस! आईबापांनी हेच शिकवलं?"

हवालदाराने खरोखर एक पाय उचलला.

"आप्पा, काय आहे हे?" गावितबाईंनी विचारलं.

"वाल आहे, वाल! माझ्या बापाच्या हातचा. सगळ्या वाघोलीत आता कुणाकडे राहिलेला नाही. राखेत घालून ठेवला की कीड लागत नाही, आणि लोखंडाच्या नळीत उंदराचं काही चालत नाही. दिवाळी झाली की लावतो. दरवर्षी तिथेच ठेवतो." आणि त्यांनी वाकून चिमूटभर राख उचलून जिभेवर टाकली. सॅन्टन सर जारमागून किंचाळले. "चुलीतली आहे," आप्पा म्हणाले. "घ्या, बघा."

साठ वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दिवाळीपर्यंत नळी न उघडण्यामागे मी केवढं शास्त्र धरलं होतं. पोरांनी बी भाजून खाऊ नये, एवढंच ते शास्त्र होतं. आशालतेकडे बघितलं, तर तिला ठाऊक होतं. घरातली गुपितं सुनेला कळतात, मुलाला पोलीस सांगतात.

गावितबाईंनी राख चिमटीत चोळली, वास घेतला, आणि पहिल्यांदा हसल्या. "आमच्याकडे विक्रमगडला आजी वाळवलेल्या दुधीच्या भोपळ्यात बी ठेवते. बंदुकीत पहिल्यांदाच बघतेय." मग हवालदार, फ्रेडरिक, आशालता आणि मी असे सगळे रस्त्यावर बसून वाल वेचायला लागलो. सॅन्टन सर भोवती खडूने गोल काढून देत होते, त्यांचं ते अंगवळणी पडलेलं. एक टेम्पोवाला थांबून काय सांडलंय विचारून गेला. दाणा न् दाणा आप्पांच्या टोपीत गेला.

टोपी भरली आणि मग आप्पांना बंदूक आठवली. ती गावितबाईंच्या हातात होती. आप्पा वळून माझ्याकडे आले.

"तुझ्याकडून काढून घेतली?"

"हो."

"हिसकावून?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार, समोर कॅमेरा. "मीच दिली."

आप्पांचा चेहरा उतरला. ते नुसतंच "हं" म्हणाले. त्यापेक्षा काठी घातली असती तर बरं झालं असतं. इतका मी उभ्या जन्मात लाजलो नव्हतो. मुलाच्या हातात एकदा दिली आणि ती गावच्या वेशीपर्यंतही टिकली नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आप्पा, एक मिनिट," गावितबाई म्हणाल्या. "प्रीतम, दाखव त्यांना."

प्रीतमने कॅमेऱ्याचा छोटा पडदा उलटा केला. आप्पांनी चष्मा लावला. पडद्यावर मी होतो. कोट पाठीत ताणलेला, हातावर बंदूक, समोर पिस्तुलावर हात ठेवलेली फौजदार आणि काठी उगारलेला हवालदार. आणि माझा आवाज. फाटलेला होता, पण माझाच होता. ठेवणार नाही! घरातली पूजेतली आहे ती! मग नळी शेताकडे, दस्ता पुढे, आणि दोन हातांतून दोन हातांत गेलेली बंदूक.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

प्रीतमने परत लावलं.

"अजून एकदा." या वेळी त्यांनी पडद्याला इतकं नाक लावलं की बाकी कुणाला काही दिसेना. मग चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसायला लागले. कोट माझ्या अंगात होता. त्यांनी माझी बाही धरून चष्मा पुसला आणि ती बाही बराच वेळ सोडलीच नाही.

"जमिनीला टेकवली नाहीस," ते म्हणाले.

"नाही, आप्पा."

"ती पिस्तूल काढत होती तरी."

"काढत नव्हते हो, नुसता हात ठेवला होता," गावितबाई म्हणाल्या. पण आप्पांना आता पोलिसांचं म्हणणं ऐकण्यात रस राहिला नव्हता.

पुढे सगळं सरळ झालं. परवाना तपासला, बंदूक कागदोपत्री ताब्यात घेतली, आणि गावितबाईंनी आम्हाला जीपमधूनच ठाण्यात नेलं. बंदूक सारा रस्ता त्यांच्या मांडीवर होती. फ्रेडरिक मागून माझ्या स्कूटरवर रिकामी पिशवी घेऊन आला. त्याने गिटार म्हटल्याबद्दल त्याला वेगळी समज मिळाली. ठाण्यात टेबलामागच्या अंमलदाराने आप्पांना ओळखलं. "या आप्पा! जमा करायला आलात?"

"मी नाही," आप्पा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. "हा माझा मुलगा. दिनानाथ चुरी. बंदूक याची आहे."

ध्यान हा शब्द आलाच नाही. मी सही केली ती इतकी मोठी की पुढच्याच्या रकान्यात गेली.

पावती घेऊन बाहेर आलो तर आप्पा रिक्षात बसेनात. चालत जायचं म्हणाले. आशालता गुडघ्यावरून बोलली, त्यांनी ऐकलं नाही. आणि सरळ रस्ता सोडून ते बाजाराकडे वळले. एका हातात वालाने भरलेली टोपी, दुसरा हात माझ्या दंडावर. सुकटवालीने विचारलं, "काय आप्पा, लागली वाटतं? बंदूक कुठाय?"

"पोलिसांनी काढून घेतली," आप्पा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या दिनानाथाच्या हातातून. चार जण लागले!"

हे बरोबर होतं. व्हिडिओवाला आणि जारमागचे सर धरले तर चार. चर्चपाशी सात झाले. देवळाच्या पारावर विचारलं तेव्हा मागून पोलिसांची जादा कुमक आलेली होती. आमच्या फाटकाशी पिंकीवहिनी उभ्या होत्या, तिथे आप्पांनी क्षणभर दम खाल्ला आणि म्हणाले, "बारा जण होते, वहिनी. तरी खाली ठेवली नाही पठ्ठ्याने."

मी हेडक्लार्क होतो. आकड्यांची चूक मी जन्मात कुणाची खपवून घेतलेली नाही. पण कोटाची बटणं लावली, आणि गप्प राहिलो.